पाणी सुटायच्या आधी

कालव्याच्या दाराला दोन माणसं लागायची, पण नोकरीवर एकच होता.

दार म्हणजे जाड लोखंडी पडदा. वरचं चाक फिरवलं की पडदा कुरकुरत वर सरकायचा आणि मोठ्या कालव्याचं पाणी खालच्या कोरड्या पाटात उतरायचं. चाक फिरवणारा तो पाटकरी. खाकी सदरा, छातीवर बिल्ला, आणि उजवा खांदा कामातून गेलेला. हात वर गेला की ओठ आवळून घ्यायचा, पण "दुखतं" हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. दुखतं म्हटलं असतं तर डॉक्टरचा कागद आला असता, कागद आला असता तर काम गेलं असतं, आणि काम गेलं असतं तर दाराला चिकटून उभं असलेलं दोन खोल्यांचं क्वार्टरही गेलं असतं. म्हणून चाकाच्या दुसऱ्या अंगाला पाटकरीण उभी राहायची. पदर कमरेला खोचून, पाय घट्ट रोवून, त्याच्या दुप्पट जोर लावायची.

त्याच्याही आधी तिचं एक काम असे. दाराच्या तुळईला तारेने आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. पाणी सोडायच्या आधी ती लोखंडी पहार घेऊन त्यावर ठोके द्यायची. घाईने नाही. एक ठोका, तो पुरता विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. तो आवाज पाटाच्या पोटातून वळणं घेत खालच्या पुलापर्यंत जायचा. पाणी सोडायच्या दोन पाळ्यांच्या मधे पाट कोरडा असला की तळाच्या ओलीत हिरवंगार गवत माजायचं. कोणी गवताला उतरायचं, कोणाची शेरडं उतरायची, पोरं डबक्यातले मासे हाताने धरायला बसायची. ठोका ऐकला की सगळे काठावर.

सगळ्यात शेवटी वर यायची ती गवतवाली मावशी. नवरा नाही, मुलगा दूर शहरात, घरात एक म्हैस आणि ही. भारा डोक्यावर घेऊन ती काठावर यायची आणि दाराकडे तोंड करून विळा उंच धरायची. ऊन असलं की विळा लांबूनच चमकायचा. तो चमकला की पाटकरीण चाकाला हात घालायची.

"तुझी ती मावशी एक दिवस विळा दाखवायला विसरली तर आपण काय रात्रभर उभं राहायचं?" पाटकरी म्हणायचा.

"विसरायची नाही ती."

"आणि तू ठोकायला विसरलीस तर?"

"देवाला दिवा लावायला विसरते का मी?"

लग्न होऊन ती या क्वार्टरात आली त्या वर्षी कोणाचंसं वासरू पाटात वाहून गेलं होतं. तो तुकडा तिने कुठून आणला, कोणाला विचारून टांगला, हे आता तिलाही आठवत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नव्हतं. नेम होता, चालला होता.

त्या वर्षी धरणच निम्मं भरलं. पाटाच्या शेवटाकडच्या गावांना पाणी पोचेना. वरचे लोक रात्री दारं उचकटायचे, खालचे दिवसा काठ्या घेऊन यायचे, आणि मधल्या मधे पाटकऱ्याला दोन्हीकडच्या शिव्या. एकाने त्याच्या सदऱ्याची गुंडी ओढून तोडली. ती गुंडी शिवता शिवता पाटकरीण म्हणाली, "नवे साहेब येणार म्हणताय ना? त्यांना सांगा की."

"साहेब नाही. बाईसाहेब आहेत. आणि त्या ऐकायला नाही, माणसं कमी करायला येताहेत."

"म्हणजे?"

"दारं आपोआप चालणार म्हणे. मोटारीवर. लांब हापिसात बसून बटण दाबायचं. पाटकऱ्यांपैकी जे कामाचे वाटतील ते राहतील. बाकीच्यांना घरी."

तिने दोरा दाताने तोडला. आतल्या खोलीत लेक शाळेचं वाचत होती. पुढच्या वर्षी तिची मोठी परीक्षा. शाळा काय, सगळं काय, याच काठावर.

"मग तुम्ही कामाचे वाटायला हवं," ती म्हणाली.

"वाटीन की. खांदा बोलला नाही तर."

तिला मागचे साहेब आठवले. एकदा ते न सांगता आले होते आणि ही चाकाला लोंबकळलेली दिसली होती. "सरकारी दार आहे की तुमच्या घरचं जातं?" चार माणसांत त्यांनी पाटकऱ्याला विचारलं होतं. "परत बाहेरचं माणूस दाराला हात लावताना दिसलं तर तुम्ही बाहेर." पाटकरी मान खाली घालून बिल्ला चाचपत राहिला होता. तेव्हापासून गाडीचा आवाज आला की ती घरात पळायची. दुधाने तोंड पोळलेलं, ती ताकही फुंकूनच प्यायची.

बाईसाहेब आल्या त्या मात्र गाडीतून नाही. पायात बूट, चिखल लागला तर ते काढून हातात घ्यायची तयारी, पाटाच्या तळातून चालत आल्या. वयाने पाटकऱ्याच्या लेकीहून थोड्या मोठ्या म्हणाव्या इतक्याच. खुर्ची पुढे केली तर ओट्यावर बसल्या.

"काका, मला यंत्र बसवायचं आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. पण यंत्राला काय शिकवायचं ते मला ठाऊक नाही. तुम्ही पाळीच्या दिवशी उठल्यापासून काय काय करता, सगळं सांगा. क्षुल्लक वाटेल तेही सांगा."

पाटकरी आधी अडखळला. मग खुलला. इतक्या वर्षांत कोणी त्याला असं विचारलं नव्हतं. पडदा किती उचलला की पाणी कुठवर जातं, गाळ कुठे साचतो, वारा उलटा असला की शेवटाला पाणी कसं उशिरा पोचतं. बाईसाहेब मधे मधे प्रश्न विचारायच्या, फोनमध्ये त्याचं बोलणं साठवत होत्या. आतून चहा घेऊन आलेली पाटकरीण दारात थबकून ऐकत होती. नवऱ्याला इतकं नीट बोलता येतं हे तिलाही नवीन होतं.

"आणि पाणी सोडायच्या आधी?" बाईसाहेबांनी विचारलं.

"आधी काय, चाकाला वंगण..." पाटकरी थांबला. त्याची नजर बायकोकडे गेली.

तिने अगदी बारीक मान हलवली. नाही.

"...वंगण, आणि मग चाक," तो म्हणाला.

बाईसाहेबांचं लक्ष त्या नजरेकडे गेलं असावं. चहाचा कप घेताना त्या हसून म्हणाल्या, "काकू, तुमचाही हात लागत असेल की कामाला?"

"छे हो. मी कुठली. मी घरातली." तिने हात पदराला पुसले. तळव्यांचे घट्टे दिसू नयेत म्हणून मुठी मिटून घेतल्या.

"खरंच?"

"सरकारी दार आहे बाईसाहेब. आम्ही कशाला हात लावू?"

चहा पिऊन त्या गेल्या. जाताना पाटकऱ्याला म्हणाल्या, "काका, तुम्ही राहणार. तुमच्यासारखं माणूस घालवलं तर मी कोणाकडून शिकू?"

त्या रात्री घरात सगळे हलके हलके होते. लेकीने बापाची नक्कल केली, "वारा उलटा असला की..." आणि तोही हसला. दिवा मालवताना मात्र तो म्हणाला, "अगं, ठोक्यांचं सांगायला हवं होतं का?"

"काय सांगणार होता? बायको वाजवते म्हणून? लगेच विचारतील, बायको दारावर काय करते."

"मी वाजवतो म्हटलं असतं तर?"

"वाजवून दाखवा म्हणाल्या असत्या. उचलली असती पहार?"

त्याने कूस बदलली, खांदा दाबला गेला, परत कूस बदलली.

मोटार आली, लोखंडी कपाट आलं, छपरावर वीज करणारी उन्हाची पाटी आली. कपाट बसवायला जागा हवी म्हणून वेल्डिंगवाला तुळईपाशी गेला. रुळाचा तुकडा हलवून बघत म्हणाला, "हे काय लटकवलंय? लागतं का काही?"

पाटकरी बिल्ला चाचपू लागला. बाजूला हापिसचा माणूस उभा होता.

"भंगार आहे," पाटकरीण म्हणाली. "काढून टाका."

तार तोडली तेव्हा तुकडा खाली पडला आणि एकदाच वाजला. दगडावर पडला होता, तरी पुलापर्यंत गेला असेल. तिने पटकन घरात जाऊन पाण्याचा हंडा उगाच इकडचा तिकडे केला.

बाईसाहेबांचं यंत्र खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. पहिल्याच पाळीला शेवटाकडच्या गावांना पाणी पोचलं. जिथली माणसं काठ्या घेऊन येत, तिथला एक म्हातारा पाटकऱ्याला भेटायला चालत आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "माझ्या हयातीत पहिल्यांदा बांधाला पाणी लागलेलं पाहिलं बाबा." रात्रीची उचकटाउचकटी थांबली, कारण दार जरा हललं तरी हापिसात कळायचं. पाटकऱ्याच्या सदऱ्याच्या गुंड्या शाबूत राहिल्या. खांद्याला आराम पडला. तो आता कपाटाची धूळ पुसायचा, पाण्याच्या खुणेचा फोटो काढून पाठवायचा.

सुरुवातीला दार उघडायच्या आधी फोनवर निरोप यायचा. निरोप आला की पाटकरीण घमेलं घेऊन काठावर जायची आणि पहारीने ठोकायची. घमेल्याचा आवाज पत्र्याचाच, जवळच फुटायचा नि मरायचा. मावशीला ऐकू जायचं नाही, मग पाटकरीणच काठाकाठाने चालत वळणापर्यंत जायची आणि हाक मारायची.

"अगं, तुझा तो ठणठण्या कुठे गेला?" मावशीने विचारलं.

"नवीन काम चाललंय ना मावशी. काढलाय."

"परत लावणार ना?"

"बघू."

"लाव बाई. तुझ्या हाकेत काही दम नाही. हाक ऐकून मी वर यायची नाही. ठोका ऐकला की पाय आपोआप निघतात."

दोघी हसल्या. पाटकरिणीच्या मनात आलं, एकदा बाईसाहेबांना गाठून सांगावं. पण अजून पाटकऱ्याचं नाव पक्क्या यादीत लागायचं होतं. लागलं की सांगू, ती मनाशी म्हणाली. सांगायला काय, जन्म पडलाय.

मग निरोप येणं बंद झालं. शेवटाकडे पाण्याची खूण खाली गेली की यंत्रालाच कळायचं आणि दार आपलं आपण उघडायचं. माणसाला विचारायची गरजच राहिली नाही. बाईसाहेबांनी सगळ्या पाटकऱ्यांना हापिसात बोलावलं, शिकवायला आणि शाबासकी द्यायला. पाटकरी धुतलेला सदरा घालून सकाळीच गेला. जाताना म्हणाला, "उन्हाची पाटी पुसायची राहिली बघ. धूळ बसली की कुरकुरतं ते."

"पुसते मी. तुम्ही शिडी चढू नका परत आलात तरी."

ऊन चढलं तशी ती ओलं फडकं घेऊन छपरावर गेली. वरून पाट लांबवर दिसत होता. तळात वळणापाशी एक ठिपका वाकलेला, तो मावशी. पाटकरीण पाटी पुसत होती. इतक्यात खाली मोटार गुणगुणली.

तो आवाज अगदी मऊ होता. घरात कोणी शिवणयंत्र चालवावं इतका.

ती ओरडली. वारा समोरून होता, आवाज तिच्याच तोंडात परत आला. शिडीच्या पायऱ्यांवरून ती उतरली म्हणण्यापेक्षा घसरली, गुडघा सोलला. कपाटाला कुलूप, किल्ली पाटकऱ्याच्या खिशात. चाक होतं तिथे आता नुसता गोल झाकणाचा पत्रा होता, आणि तिचे दोन्ही हात त्याच्यावर नुसतेच फिरले. घमेलं अंगणात होतं, त्यात लेकीने सारवायला माती कालवून ठेवलेली. तिने ती उपडी केली आणि ठोकत काठाने पळाली. घमेलं ओलं, आवाज नुसता थाप थाप. पाणी तिच्या बरोबरीने पळत होतं, मग पुढे गेलं.

मावशी पुलाच्या खांबाला अडकलेली सापडली. शेतातल्या दोघा माणसांनी कासरा टाकून ओढून काढली. जीव होता. कमरेचं हाड गेलं होतं. विळा सापडला नाही.

इस्पितळात पाटकरीण तिच्या उशाशी बसली. मावशीचं तोंड खरचटून सुजलं होतं, पण शुद्धीवर होती. पाटकरीण सारखी पदराने तिच्या ओठांना पाणी लावत होती.

मावशीच बोलली. "पाणी घोट्याला लागलं तेव्हाच कळलं होतं गं मला."

"मग वर का नाही आलात मावशी?"

"म्हटलं दार गळत असेल. पाळीचं पाणी असतं तर तू ठोकलं नसतंस का? भारा बांधायचा राहिला होता. म्हटलं, अजून वाजलं नाही, म्हणजे वेळ आहे."

तिच्या सुरात तक्रार नव्हती. शेजारणीला घरातली गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती. तेच पाटकरिणीला सोसेना. शिव्या घातल्या असत्या तर तिने त्या ओंजळीत घेतल्या असत्या.

चौकशी झाली. मोठे साहेब आले, ओट्यासमोर खुर्च्या मांडल्या. "पाणी सोडण्याआधी इशाऱ्याची काही पद्धत होती का?" त्यांनी पाटकऱ्याला विचारलं. पाटकऱ्याने घसा खाकरला. पाटकरीण दाराआड उभी होती. या वेळी तिने मान हलवली नाही, पण वर करून त्याच्याकडे पाहिलंही नाही. जी गोष्ट एकदा तिने त्याच्या तोंडातून परत ढकलली होती, ती त्याला आता तिथे सापडेना.

"तसं काही नेमून दिलेलं नव्हतं साहेब," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त वाईट होतं.

बाईसाहेब उठल्या. "त्यांना विचारू नका. पाटात माणसं उतरतात हे मी स्वतः चालताना पाहिलं होतं. दार बसवलं मी, इशारा राहिला तो माझ्याकडून. तसंच लिहा."

तसंच लिहिलं गेलं. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली, कुठल्याशा गोदामाच्या कामावर. त्याच आठवड्यात पाटकऱ्याचं नाव पक्कं झाल्याचा कागद आला. त्याने तो वाचला, घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवला. पाटकरिणीने दिवा लावताना तो काढून कपाटात कपड्यांखाली सरकवला.

जायच्या आदल्या दिवशी बाईसाहेब दाराशी येऊन गेल्या. काठावर भोंगा बसवायचं काम चाललं होतं, ते बघायला. तुळईपाशी उभ्या राहून त्यांनी वर हात लावला. तारेच्या घासण्याने लोखंडाला एक गुळगुळीत खाच पडली होती, चमकत होती.

"काकू, इथे काय होतं?"

पाटकरिणीने चूल फुंकायची सोडली. आता राखायचं तरी काय उरलं होतं? बाहेर येऊन तिने सगळं सांगितलं. रुळाचा तुकडा, पहार, विळा, मागचे साहेब, पाटकऱ्याचा खांदा, चाकाची दुसरी बाजू. मुठी उघडून तळवे दाखवले.

बाईसाहेबांनी ते तळवे पाहिले. "मी तुम्हाला विचारलं होतं काकू. दोनदा."

"विचारलं होतंत."

"तेव्हा सांगितलं असतंत तर हा भोंगा मोटारीबरोबरच बसला असता. एका दिवसाचं काम होतं ते."

"हो बाईसाहेब."

त्या आणखी काही बोलतील म्हणून पाटकरीण उभी राहिली. त्यांनी बूट घातले, लेस बांधायला वाकल्या, आणि वाकूनच म्हणाल्या, "काकांना शिडी चढू देऊ नका." मग काठाने चालत गेल्या. गाडी लांब उभी होती. वळून त्यांनी पाहिलं नाही, आणि पाटकरिणीला वाटलं, पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता पाटकरीण रोज मावशीच्या म्हशीला गवत नेते. पाटातलं नाही, बांधावरचं. म्हैस आधी दोन दिवस तोंड लावेना. मग भूक लागली तशी खाऊ लागली, पण मान तिरकी करून, अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत. मावशी ओसरीत बाजेवर. उठवून बसवावं लागतं, बाकीचंही सगळं करावं लागतं. पाटकरीण करते. मुलगा शहरातून येऊन गेला होता, आईला घेऊन जाणार होता. म्हशीला न्यायला उद्या माणूस येणार होता.

"चांगला आहे का गं माणूस?" मावशीने विचारलं.

"चांगला वाटला."

"मारका नाही ना? तिला मारलेलं चालत नाही. बोललेलं चालतं."

"सांगते मी त्याला."

तेवढ्यात लांबून भोंगा वाजला. अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा, एकसुरी, जोरकस. चांगला भोंगा होता तो. पाटाकडून पोरांच्या पळण्याचा, कोणीतरी कोणालातरी हाका मारण्याचा आवाज आला. म्हशीने कान टवकारले.

मावशी मात्र तशीच पडून होती, वर वाशांकडे बघत. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. भोंगा थांबला. ती अजून ऐकतच होती.

"मावशी, पाणी सुटलं," पाटकरीण म्हणाली.

"हो का?" मावशी म्हणाली. "वाजलं नाही अजून."

पाटकरीण उभी राहिली. गोठ्यात खुंटा म्हणून म्हैस बांधायची लोखंडी पहार रोवलेली होती आणि हातात तिचा स्वतःचा विळा. तिने विळ्याच्या पाठीने पहारीवर एक ठोका दिला. तो विरेपर्यंत थांबली. मग दुसरा. आवाज बारीक होता, अंगणाबाहेरही गेला नसेल.

बाजेवर मावशीचा हात हलला. कोपराचा आधार घेत तो वर आला, मूठ आवळून, कालव्याच्या दाराच्या दिशेने. मुठीत काही नव्हतं. तिने तो तसाच उंच धरून ठेवला, आणि पाटकरिणीला पुढे काय करायचं ते सुचेना.